सदाफुली मिलिग्रॅममध्ये मोजायची असते

मा. संपादक,

स.न.वि.वि.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत कुंडीतल्या औषधी झाडांवर एक चौकोन आला होता, तुळस, गवती चहा, कोरफड आणि शेवटी सदाफुली, आणि सदाफुलीपुढे लिहिलं होतं की रोज सकाळी उपाशीपोटी पाच पानं चावून खा, शुगर कंट्रोलमध्ये राहते आणि कॅन्सरही होत नाही. त्या चौकोनाचा फोटो संध्याकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, दुसऱ्या दिवशी बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर आला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्याच मजल्यावर राहणारी एक बाई दारात येऊन उभी राहिली, हातात मोबाइल, त्यावर तोच फोटो. तिच्या मुलीला, वय सात, ब्लड कॅन्सर आहे, खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये ट्रीटमेंट चालू आहे. तिने विचारलं, "काका, तुम्ही औषधाच्या कंपनीत होता ना, मग हिला पण हा रस देऊ का थोडा थोडा?"

म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलं तर कापा, पण मुद्दा कापू नका ही विनंती.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत २९ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो, आता रिटायर होऊन ऐरोलीत असतो. माझं काम एवढंच की बाटलीवर जे लिहिलंय ते आणि तेवढंच आत आहे का ते तपासायचं. त्यामुळे "पाच पानं" हा आकडा वाचला आणि डोक्यात तिडीक गेली. कुठली पाच पानं? कोवळी की जून, पांढऱ्या फुलाच्या झाडाची की गुलाबी, पावसाळ्यातली की मे महिन्यातली, कुंडीतली की गटाराच्या कडेला उगवलेली? प्रत्येकात आतला माल वेगळा असतो हो.

आधी या झाडाबद्दल थोडं सांगतो, कारण ते आपल्याला इतकं घरचं वाटतं की ते पाहुणं आहे हेच आपण विसरलो. ठाण्याला रेल्वेच्या कंपाउंडच्या भिंतीत, घणसोलीत गटाराच्या फटीत, कुणी पाणी न घालता बारा महिने फुलणारं हे झाड मूळचं मादागास्करचं, आफ्रिकेच्या पूर्वेला जे मोठं बेट आहे तिथलं. तिथले लोक त्याला व्होनेनिना म्हणतात. बोटींबरोबर ते जगभर गेलं, युरोपातल्या बागांत गेलं, वेस्ट इंडीजमध्ये गेलं, आपल्याकडे आलं, आणि जिथे गेलं तिथे रुजलं. मादागास्करमधले वैदू ते पिढ्यान् पिढ्या वापरत होते, बाहेर गेल्यावर जमैकात, दक्षिण आफ्रिकेत, फिलिपिन्समध्ये लोक त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर प्यायला लागले. शास्त्रीय नाव कॅथरॅन्थस रोझियस, जुन्या पुस्तकांत विंका रोझिया. कूळ कण्हेरीचं. म्हणजे कण्हेर, रुई, तगर, सर्पगंधा, देवचाफा ही सगळी याची भावंडं. कण्हेरीचं विष वेगळं आणि याचं वेगळं, पण कोकणातला कुठलाही माणूस कण्हेर तोंडात घालणार नाही आणि तिच्याच कुळातलं हे झाड मात्र आपण नाश्त्याआधी चावतो.

"आयुर्वेदात आहे" असंही त्या चौकोनात होतं. चरक-सुश्रुतांच्या काळी हे झाड इथे नव्हतंच तर त्यात येणार कुठून. निघंटूंत, म्हणजे वनस्पतींच्या जुन्या कोशांत, सदापुष्प असा शब्द सापडतो, पण तो रुईसाठी, आपली मारुतीला वाहतो ती. नाव सारखं वाटतं म्हणून कुणीतरी जोडून दिलं असणार. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, माझी आई आयुष्यभर वैद्यांचंच औषध घ्यायची, आणि आदर आहे म्हणूनच त्यांच्या नावावर भलतं काही खपवू नये असं वाटतं.

आता मूळ गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येक शुगरवाल्या माणसाला माहीत पाहिजे. १९५२ साली कॅनडातल्या क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांकडे जमैकाहून एका पेशंटने पाकिटातून या झाडाची पंचवीस पानं पाठवली, तिकडचे लोक इन्शुलिन मिळत नाही तेव्हा याचा चहा करून पितात, बघा काही आहे का यात. त्यांनी ती आपल्या भावाकडे दिली, रॉबर्ट नोबल, हे वेस्टर्न ऑन्टारियो युनिव्हर्सिटीत संशोधन करत होते. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडाने दिला. शुगर काही हलली नाही. मग इंजेक्शनने दिला, आणि उंदीर आठवडाभरात मरायला लागले, शुगर कमी होऊन नाही, इन्फेक्शन होऊन. का, तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या होत्या आणि हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो बसून गेला होता. दुसरा कुणी असता तर पाकीट कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. नोबल यांच्या डोक्यात आलं की जी वस्तू पांढऱ्या पेशी एवढ्या पाडते ती, जिथे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या आजारात, म्हणजे ल्युकेमियात (ब्लड कॅन्सरमध्ये), कामाला येईल. १९५४ मध्ये चार्ल्स बिअर नावाचे केमिस्ट त्यांच्याकडे आले, ढीगभर पानांतून त्यांनी ती एक वस्तू वेगळी काढली आणि १९५८ मध्ये हे जगासमोर आलं. आज तिला आपण विन्ब्लास्टिन म्हणतो. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी हेच झाड तपासत होते, तिथे अर्क दिलेले ल्युकेमियाचे उंदीर जास्त दिवस जगले, आणि त्या कामातून दुसरं औषध निघालं, विन्क्रिस्टिन, ज्याला अमेरिकेत १९६३ मध्ये परवानगी मिळाली.

म्हणजे बघा, शुगरसाठी म्हणून तपासायला घेतलं आणि सापडलं काय, तर रक्त तयार करणाऱ्या मगजावर घाव घालणारं औषध. आणि साठ-सत्तर वर्षांनी आपण ठाण्यात बसून तीच पानं परत शुगरसाठीच चावतोय.

केमिस्ट्री सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, थोडी सहन करा. या झाडात शंभरावर वेगवेगळी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडाने बनवलेली तीव्र परिणामाची रसायनं आहेत, आणि ती जवळजवळ सगळी एकाच ठिकाणाहून फुटतात. ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो ॲसिड, जे आपल्या दुधात-डाळीत पण असतं, त्याच्यापासून झाड ट्रिप्टामिन बनवतं, दुसऱ्या बाजूने सेकोलोगॅनिन नावाचा एक रेणू बनवतं, दोघांना जोडतं आणि स्ट्रिक्टोसिडिन तयार होतं. तिथून मग फांद्या. मुळांकडे अजमॅलिसिन, जे रक्ताभिसरणाच्या औषधांत वापरलं गेलं. पानांकडे कॅथरॅन्थिन आणि विंडोलिन. या दोघांची जोडी जमली की विन्ब्लास्टिन. पण गंमत अशी की झाड या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवतं, कॅथरॅन्थिन पानाच्या वरच्या मेणाच्या थरात आणि विंडोलिन आतल्या पेशींत, त्यामुळे जोड्या फार थोड्या जुळतात आणि एका ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणूनच पुढे कारखान्यांत दोन्ही वेगवेगळे काढून मग जोडायची पद्धत आली. विन्ब्लास्टिन आणि विन्क्रिस्टिन यांत फरक किती, तर एवढ्या मोठ्या रेणूत, ज्यात ४६ कार्बन आहेत, एका नायट्रोजनवर एकाकडे मिथाइल गट आहे आणि दुसऱ्याकडे फॉर्मिल गट. बस. तेवढ्या फरकाने एक औषध मगजाला जास्त लागतं आणि दुसरं नसांना जास्त लागतं. मी आयुष्य इम्प्युरिटी, म्हणजे औषधातला नको तो अंश, शोधण्यात घालवलंय, पण इतक्या छोट्या फरकाचा इतका मोठा परिणाम वाचला की आजही अंगावर काटा येतो.

ही दोन्ही काम कसं करतात ते सोपं आहे. पेशी दुभंगताना क्रोमोसोम दोन बाजूंना ओढायला आत दोऱ्यांसारखी एक रचना उभी राहते, ती ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनची. हे औषध ट्युब्युलिनला चिकटतं, दोऱ्या विणल्याच जात नाहीत, पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्यांना जास्त बसतं, पण केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, हाडातला मगज हेही भराभर वाढणारेच, म्हणून केस जातात, पांढऱ्या पेशी पडतात. आणि त्याच ट्युब्युलिनच्या नळ्या आपल्या लांब लांब नसांत मालवाहतुकीच्या रुळासारख्या असतात, म्हणून विन्क्रिस्टिनने हातापायाला मुंग्या येतात, पोट साफ होत नाही. डायबिटीसच्या माणसाच्या पायाला आधीच मुंग्या असतात हे मी वेगळं सांगायला नको.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर मी पण त्या फॉरवर्डवाल्यांसारखाच होईन. पानात ही औषधं अगदी कमी असतात आणि पोटातून नीट शोषली जात नाहीत, म्हणूनच तर इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून पाच पानं खाऊन कुणी दुसऱ्या दिवशी आडवा पडत नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने शुगर उतरलेलीही दिसते. पण पानात बाकीची शंभर अल्कलॉइड्स आहेत त्यांचं काय, रोज, महिनोन् महिने, वर शुगरची गोळी, वर बीपीची गोळी, याचा हिशेब कुणी केलाय? डोसच ठरलेला नाही तर त्याला औषध कसं म्हणायचं.

आमच्या घरचीच गोष्ट आहे. बायकोचा भाऊ ठाण्याला नौपाड्यात राहतो, वय ६१, शुगर बारा वर्षं. मॉर्निंग वॉकला जातो तिथे कारलं, गव्हांकुर, दुधी असे रस विकणारा एक मुलगा बसतो, त्याच्याकडे सदाफुलीचा रसही मिळायला लागला. मला फोन करून कौतुकाने सांगायचा, "दाजी, दोन महिन्यांत शुगर एकशेतीसवर आणली." गोळी चालू होती, चालणं वाढवलं होतं, गोड बंद केलं होतं, आणि वर रस. एका सकाळी बाकावर बसल्या बसल्या दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं, बरोबरच्या लोकांनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, शुगर ५८. ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आला. हे सदाफुलीनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, गोळी आणि उपाशीपोटी चालणं एवढंही त्याला पुरेसं होतं. पण डॉक्टरांनी काय काय घेता विचारलं तेव्हा याने रसाचं नावच काढलं नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नव्हतं, "नॅचरल आहे ना ते" म्हणे. मी गेल्यावर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) लिहून दिली. पांढऱ्या पेशी ठीक निघाल्या, देवाची कृपा. मी त्या रसवाल्या मुलालाही जाऊन भेटलो, भांडायला नाही, समजावायला. बिचारा म्हणाला, काका, गिऱ्हाईक मागतं, पेपरात आलंय म्हणतं, म्हणून ठेवतो. पेपरात आलंय. त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तुम्हाला लिहायचं हे नक्की झालं.

आणि ती कॅन्सरची ओळ. तिच्याबरोबर नेहमी एक शेपूट येतं की परदेशी कंपन्या हे गुपित लपवून ठेवतात. कसलं गुपित हो. १९६० च्या आधी ल्युकेमिया झालेलं पोर काही महिन्यांत जायचं. आज विन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, ॲस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट अशी बरीच औषधं मिळून जिथे पूर्ण उपचार नीट होतात तिथे दहापैकी आठ-नऊ मुलं वाचतात. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये विन्ब्लास्टिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही आहेत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात पुण्याच्या एनसीएलबरोबर (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर) मिळून मुंबईच्या सिप्लाने ही औषधं इथेच बनवायचं तंत्र उभं केलं, लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेने या झाडाची निर्मल आणि धवल अशी वाणं काढली, दक्षिणेत शेतकरी त्याची शेती करतात. सगळं उघड्यावर आहे. सदाफुली खरोखरच कॅन्सरवर चालते, पण ती शिरेतून, आठवड्याला एकदा, मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर नाही अशी, पोराची उंची-वजन मोजून काढलेल्या हिशेबाने, फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवलेल्या बाटलीतून. शिरेच्या बाहेर सांडली तर मांस जाळते. चुकून पाठीच्या कण्यात गेली तर माणूस जातो, म्हणून हॉस्पिटलांत त्या सिरिंजबद्दल इतके कडक नियम असतात. एवढी तेज वस्तू आहे ती. तिचा अपमान कुणी करत असेल तर पाच पानं चावा म्हणणाराच करतो असं मला वाटतं.

एक गोष्ट मनात सलते ती पण लिहितो, विषयाला थोडी सोडून असली तरी. मादागास्कर १९६० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होतं, आणि ही औषधं बाजारात आली ती त्याच सुमाराला. त्या बेटाला यातला एक पैसा मिळाला नाही. तेव्हा झाडाच्या मूळ देशाला वाटा द्यायचा कायदाच नव्हता, जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा, त्यातल्या वाटणीचे नियम सांगणारा नागोया प्रोटोकॉल २०१० चा, आपला स्वतःचा कायदा २००२ चा. दक्षिण आफ्रिकेत पुढे कालाहारी वाळवंटातल्या सान आदिवासींच्या हूडिया नावाच्या, भूक मारणाऱ्या वनस्पतीबाबत २००३ मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला त्यांच्याशी वाटणीचा करार करावा लागला, तोही आरडाओरडा झाल्यावर. आपण हळदीच्या पेटंटवरून १९९७ मध्ये अमेरिकेत लढलो आणि जिंकलो तेव्हा पेढे वाटले, मग मादागास्करचं झाड आपल्या कुंडीत असताना निदान ते त्यांचं आहे एवढं तरी मुलांना सांगावं. महापालिकेच्या बागांत झाडांना पाट्या लावतात, सदाफुलीला कुठे पाटी मी पाहिली नाही, लावली तर त्यावर मादागास्करचं नाव घाला आणि खाली "पानं खाऊ नयेत" असं लिहा.

शेजारच्या त्या बाईला मी काय सांगितलं ते सांगून थांबतो. तिला बसवलं, पाणी दिलं आणि फाइल बघितली. त्यात विन्क्रिस्टिन होतंच, चार आठवड्यांपूर्वीपासून. मी म्हटलं, ताई, हिला सदाफुली चालूच आहे, मोजून चालू आहे, वरून तू आणखी घातलीस तर डॉक्टरांचा हिशेब चुकेल आणि आधीच पांढऱ्या पेशी कमी असलेल्या पोरीच्या पोटात कच्चा पाला, न शिजवलेला, त्याचे जंतू वेगळेच. ती फाइलवरच्या त्या नावाकडे बराच वेळ बघत बसली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या छोट्या बाटलीत तिच्या गॅलरीतलंच झाड आहे. मग विचारलं, कुंडी काढून टाकू का. मी म्हटलं नको, राहू दे, फुलं देवाला वाहा, पानं तोडू नको, आणि जे काही द्यायचं मनात येईल ते आधी तिथल्या डॉक्टरांना विचार, संकोच करू नको.

तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. जेवढा चौकोन तेव्हा छापला होता तेवढाच, त्याच पानावर, रविवारीच, दुरुस्ती म्हणून छापा. शुगरची गोळी चालू असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि कीमो चालू असलेल्यांनी सदाफुली खाऊ नये आणि आतापर्यंत खाल्ली असेल तर डॉक्टरांना सांगावं, एवढं त्यात असू द्या. आणि ज्यांनी तो चौकोन लिहिला त्यांना विचारून मला कळवा की पाच हा आकडा त्यांनी कुठून आणला.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त केमिस्ट, ऐरोली, नवी मुंबई